शाल्वाच्या रांजणाची किंमत

माझे सासरे शाल्वा यांना दोन गोष्टी जमत नाहीत. गप्प बसणं, आणि घरी आलेल्या माणसाकडून पैसे घेणं. पहिलीचा त्रास मला रोजचाच आहे. दुसरीने त्या मंगळवारी आमचं घर बुडवायचंच बाकी ठेवलं होतं.

आदल्या वर्षी रशियाने आमची वाइन घ्यायची बंद केली. काखेती या द्राक्षमळ्यांच्या प्रांतातल्या आमच्या गावाला दुसरं गिऱ्हाईकच माहीत नव्हतं, त्यामुळे वाइनच्या कारखान्याला कुलूप लागलं. मी तिथे पंधरा वर्षं दुभाषी होते. मॉस्कोचे साहेब यायचे, ‘आणखी गोड करा’ म्हणायचे. आमचे लोक चिडून काहीबाही बोलायचे आणि मी रशियनमध्ये सांगायचे, ‘हो म्हणतायत.’ असं हो-हो करता करता आमच्या वाइनचं सरबत झालं. त्यात माझाही हात होता, खोटं कशाला बोलू?

त्या हंगामात द्राक्षं कुणीच घेईना. मग शाल्वांनी ती घरी आणून तुडवली आणि साली-बियांसकट जमिनीत पुरलेल्या, माणूस उभा मावेल एवढ्या चार रांजणांत भरली, त्यांचे आजोबा भरायचे तशी. वसंतात झाकण निघालं. वाइन चहाच्या रंगाची, तुरट, साखरेचा कण नसलेली. पहिल्या घोटाला मला रडू आलं. ही आमची वस्तू होती आणि आम्ही ती विसरलो होतो! पण ती खपली नाही तर माझा नवरा रमाझ सोमवारच्या बसने तुर्कस्तानला बांधकामावर जाणार होता. बसमधली जागाही सांगून ठेवलेली. तिकडे गेलेली माणसं गावात परत दिसतात ती लग्नाला, नाहीतर मयताला.

हिवाळाभर पुस्तकातून इंग्रजी घोकून मी पत्रं पाठवली होती. एका पत्राला उत्तर आलं आणि पोलंडहून हालिना नावाची व्यापारी बाई आली.

‘‘बाबा, आधी भाव, मग जेवण,’’ मी बजावलं होतं.

‘‘कळलं गं पोरी, मी काय कुक्कुलं बाळ आहे?’’

मी चीज आणायला शेजारी गेले आणि परतले, तर हालिनाच्या तोंडात पाव, ताटात अक्रोड भरलेली वांगी, आणि शाल्वा शिंगाचा पेला उंचावून पोलंडमधल्या समस्त आयांच्या नावाने पितायत! मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे पाव मोडला की माणूस पाहुणा झाला, आणि पाहुण्याला वस्तू विकणं म्हणजे घराण्याला काळिमा.

हालिनाने ओठ पुसले आणि इंग्रजीत विचारलं, ‘‘अशी वाइन मी कधी प्यायले नाही. काय भावाने देणार?’’

मी भीत भीत बाबांना त्याचा अर्थ सांगितला. शाल्वांचा चेहरा उतरला.

‘‘भाव? माझ्या टेबलावर? तिला म्हणावं, हवी तेवढी ने. रमाझ, कॅन भर.’’

‘‘बाबा, तिला चार हजार लिटर हवीय.’’

‘‘मग मोठा कॅन आण!’’

रमाझ खाली मान घालून उभा होता. त्यांना विकायची नसावी असं समजून हालिनाने पिशवी उचलली. तेव्हा मला सुचलं. ती पाहुणी आमची होती, शेजाऱ्याची नव्हती!

मी धावत शेजारच्या एल्दारकडे गेले. बांधावरच्या एका अक्रोडाच्या झाडावरून तो आणि शाल्वा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

‘‘त्या रेड्याची वाइन मी विकू?’’ एल्दार म्हणाला.

‘‘तुमच्या रांजणातली ते विकतील. तुम्हीसुद्धा पाहुण्याला भाव सांगणार नाहीच ना?’’

तो आला. शाल्वांकडे न बघता रांजणात डाव बुडवून प्यायला. आता हा नावं ठेवणार, असंच मला वाटलं. डाव पालथा करून त्याने शेवटचा थेंबही चाखला.

‘‘सात युरो लिटर,’’ तो म्हणाला.

कारखान्याची अख्खी बाटली दोनला जायची. रमाझने एल्दारसाठी खुर्ची ओढली.

‘‘चार,’’ हालिना म्हणाली. ‘‘तुम्हाला तिकडे कोण ओळखतं?’’

एल्दार तापला. ‘‘सांग तिला, तिच्या देशाचं बारसं व्हायच्या आधीपासून आम्ही हे करतोय. चारला देण्यापेक्षा मी ही अक्रोडाच्या मुळाशी ओतीन!’’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ‘विचार करतो म्हणतायत,’ हे माझ्या जिभेवर आलं होतं. पंधरा वर्षांची सवय. चारमध्येही रमाझ राहिला असता. व्यवहार फिसकटला तर सोमवारी गेला असता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली : सांग.

मी शब्दन्‌ शब्द सांगितला, अक्रोडाच्या मुळासकट.

हालिना आधी गोरीमोरी झाली. मग तिने स्वतः डाव घेतला, पुन्हा प्यायली आणि हसली. ‘‘सात. पण चारही रांजण माझे. आणि आता या गृहस्थांच्या घरी चला.’’

शाल्वा एल्दारसमोर जाऊन उभे राहिले.

‘‘सातच? माझ्या वाइनला?’’

‘‘तुझं तोंड आठवलं, म्हणून एक कमी केला.’’

‘‘चल. तुझ्या त्या गुरांच्या आंबोणीचे नऊ नाही मागितले तर नावाचा शाल्वा नाही.’’

दोघे पुढे चालायला लागले, हालिना मधे. मी आयुष्यात एवढी ताठ चालले नव्हते. रमाझ फाटकाशी मागे राहिला, फोनवर बसवाल्याशी बोलत होता.

‘‘माझी जागा दे कुणाला तरी,’’ तो म्हणाला. ‘‘यंदा आमच्या घरातून वाइन परदेशी चाललीय. मी नाही.’’