माझ्या अंगात कानबाई नव्हती

माझ्या तोंडाची ख्याती जळगावच्या पिंप्राळ्यात कुणालाही विचारा. कोकिळा नाव ठेवणाऱ्या आईबापाला लोक अजून हसतात. वीस वर्षं पिठाची गिरणी चालवते मी. ओल्या गव्हाची पिशवी कुणी आणली, मग तो नगरसेवक का असेना, दारातूनच माघारी लावते. पण गेल्या श्रावणात जिथं बोलायला हवं होतं तिथं माझी दातखिळी बसली. बोलली ती माझी भाची मोनाली. वय वर्षं सोळा, आणि पाहुण्यांसमोर पाण्याचा ग्लास ठेवून आत पळणारी पोरगी. म्हणून ही गोष्ट सांगायची, माझी नाही, तिची.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई बसते. चौरंगावर नारळ मांडायचा, त्याला नथ, डोळे, लुगडं. घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून गहू घ्यायचे, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या करायच्या, ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. सोमवारी सकाळी वाजतगाजत देवीला नदीवर न्यायचं. आमची कानबाई धाकट्या भावाकडे बसते, ज्ञानेश्वरकडे, धुळ्यात देवपूरला. रोटाचं पीठ दरवर्षी माझ्याकडून जातं. आदल्या दिवशी गिरणी धुऊनपुसून घेते आणि दुसऱ्या कुणाचं दळण हात लावू देत नाही.

तर त्या सोमवारी सकाळी देवी अंगणात काढली, बायांनी फुगडी धरली, आणि मोनाली डुलायला लागली. डोळे अर्धे मिटलेले, केस सुटलेले, मान एकदा इकडे एकदा तिकडे. कुणीतरी ओरडलं, "आली व माय, कानबाई आली!" झालं! ढोलवाल्याला चेव आला. पोरीला पाटावर बसवलं, मळवट भरला, एकजण सारखी नारळाचं पाणी तिच्या तोंडाशी लावत होती. माझी भावजय सुलक्षणा तर आनंदानं रडायलाच लागली, लेकीच्या अंगात देवी आली म्हणून.

पाया पडायला रांग लागली. यशोदाकाकू पुढं आली. ही आमची चुलत चुलती, सत्तरीची, साखरेचा आजार. पायाच्या बोटाला दोन महिन्यांपासून जखम, ती भरत नव्हती. हात जोडून म्हणाली, "कानबाई माय, डाक्टर मना पायनं बोट कापाले सांगस. कापू का?"

मोनालीनं मान हलवली. इकडून तिकडे, दोनदा, जोरात.

"नही सांगस देवी!" काकूनं डोळ्यांना पदर लावला आणि सगळ्यांना ऐकवलं. "बठ्ठास्नी ऐका. बोट कापानं नही."

माझा नंबर आला. मी वाकले, आणि पोरीच्या तोंडाचा वास आला. गोड, औषधी, खोकल्याच्या सिरपचा. ओठाच्या कडेला लाल चिकट ओघळ होता. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. माझ्या नवऱ्याचं आयुष्य दारूत गेलं हो, देवी कुठली आणि नशा कुठली हे मला शिकवायला नको. मला सगळं कळलं आणि मी काय केलं? पाया पडून बाजूला झाले. पन्नास माणसं, भावाची इज्जत, देवीचा दिवस. गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

दुपारी सगळे पांगले तेव्हा ज्ञानेश्वरला माडीवर नेऊन सांगितलं. आधी चिडला, मग सुलक्षणानं पोरीच्या दप्तरातून तीन रिकाम्या बाटल्या काढल्या आणि तो मटकन खाली बसला. पाटबंधारे खात्यात कारकून आहे तो, चारचौघांत मान खाली घालायची सवय नाही. म्हणाला, "अक्का, हे घराबाहेर जायला नको. उद्या हिचं लग्न व्हायचंय. लोक म्हणतील, नशेच्या पोरीला देवी म्हणून पुजलं."

"आणि यशोदाकाकूचा पाय?"

"काकू तसंही डॉक्टरला घाबरतेच," तो म्हणाला. मी पुन्हा गप्प बसले. मोनालीला 'गिरणीवर मदतीला' असं सांगून जळगावला घेऊन आले.

एसटीत पारोळ्याच्या पुढं ती बोलायला लागली. मार्चमध्ये खोकला झाला होता. बाटली संपली तरी क्लासच्या परीक्षा संपेनात. ते प्यायलं की डोकं शांत होतं, हे ध्यानात आलं. मग रोज. मग जास्त. "आत्या, मला वाटायचं हे औषधच आहे ना. दारू थोडीच आहे." मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे पोरगं बिडी ओढताना दिसलं तर सगळा गाव सांगत येतो, पण औषधाची बाटली हातात दिसली तर उलट विचारतात, बरं नाही का गं बाळा?

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. मला वाटलं होतं, वेड्यांचा डॉक्टर म्हणजे काहीतरी भयंकर असेल. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. तिनं मला बाहेर बसवलं, मोनालीशी अर्धा तास एकटीशी बोलली, मग मला आत घेतलं. म्हणाली, "हा आजार आहे, वाईट वळण नव्हे. आत्ता भरती करायची गरज दिसत नाही. गोळ्या देते, रोज कुणाचं तरी लक्ष हवं, आठवड्यातून दोनदा समुपदेशन. घरी सांभाळणं जमलं नाही तर भरतीचाही मार्ग आहे. त्यात हरल्यासारखं काही नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, ओरडलात तर चालेल, टोमणे नकोत." म्हटलं, बाई, तू मला ओळखतेस की काय?

पुढचे पाच दिवस कुणाच्याच वाट्याला येऊ नयेत. अंग मोडून यायचं, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात कळा, जुलाब. तिसऱ्या दिवशी तिनं भरलं ताट भिंतीवर फेकलं आणि मला म्हणाली, "तू माझी कोण लागतेस?" माझा हात उठला होता. तेवढ्यात तीच भिंतीला टेकून म्हणाली, "आत्या, मला दुकानात जाऊ देऊ नको. मी मागितलं तरी जाऊ देऊ नको." शरीर एक मागतंय आणि तोंड दुसरं सांगतंय! अहो, माझा नवरा चाळीस वर्षांत एकदा असं म्हणाला असता, तर मी त्याला खांद्यावर घेऊन दवाखान्यात गेले असते. मी ताट उचललं, दुसरं वाढलं.

सहाव्या दिवसापासून ती गिरणीत येऊन बसू लागली. पिशव्यांना चिठ्ठ्या लावायची, बायांशी दोन शब्द बोलायची. समुपदेशक योगेंद्र सर तिला रोज एक पान लिहायला लावत. काय केलं, काय आठवतं, कुणाचं नुकसान झालं. मी कधी वाचलं नाही. तेराव्या दिवशी तिनंच वही माझ्यासमोर धरली. एकच ओळ होती. 'यशोदाआजीने मला काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं होतं?'

मी सांगितलं. खोटं बोलवेना.

पोरगी पांढरीफटक पडली. तिच्यासमोरच मी सुलक्षणाला फोन लावला. काकूचं बोट काळं पडलं होतं, शेजारचंही पडत होतं, ताप होता. डॉक्टर म्हणत होते, आता उशीर केला तर पाय घोट्यापासून जाईल, कदाचित माणूसही. आणि काकू खाटेवर बसून एकच सांगत होती, कानबाईनं नही सांगितलंय.

"आत्या, चल," मोनाली म्हणाली.

"अगं, मी सांगते फोनवरून तुझ्या बापाला."

"पप्पा नाही सांगणार. तू पण नाही सांगितलंस."

सणसणीत बसली. मी चक्कीचा पट्टा काढला, गिरणीला कुलूप घातलं, आणि मिळेल त्या गाडीनं धुळं गाठलं.

काकूच्या घरी दहाबारा भाऊबंद जमले होते. ज्ञानेश्वर ओट्यावरच होता. लेकीला बघून तिला दारातच अडवलं. "मोना, घरी चल. मोठी माणसं बघतील काय ते. इथं एक शब्द बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

तिनं एक पाऊल मागं घेतलं. मला वाटलं, संपलं, आता ही मागं फिरणार. तिनं बापाचा हात दोन्ही हातांनी धरला, बाजूला केला, आणि आत गेली. खाटेजवळ खाली बसली.

"आजी, माझ्या अंगात कानबाई नव्हती."

काकू हसली, "येडी पोर. देवी बोलस ते झाडले माहीत नही पडस." ज्याच्या अंगात देवी येते त्याला आमच्याकडे झाड म्हणतात.

"देवी नव्हती, आजी. मी खोकल्याच्या औषधाची नशा करते. सहा महिने झाले. त्या सकाळी एक बाटली पूर्ण प्यायले होते. मला मळमळत होतं. कुणीतरी नारळाचं पाणी तोंडाशी लावत होतं, म्हणून मी मान फिरवली. तुम्ही काय विचारलं, ते मला ऐकूही आलं नव्हतं."

मागून एकजण म्हणाला, "आरे देवा, काय अवदसा ही!" दुसरी म्हणाली, "बापानं तोंड दाखवायची जागा ठेवली नाही." मोनालीनं मागं वळून पाहिलं नाही. तिची नजर काकूच्या पायाकडे होती. फडकं बांधलेलं होतं, वास येत होता.

काकू मात्र ऐकेना. "देवीना शबुद मी कसा मोडू? तू लहान शेस."

तेव्हा पोरीला रडू फुटलं. रडत रडतच म्हणाली, "आजी, खरंच कानबाई आली असती ना, तर तिनं आधी माझ्या हातातली बाटली फोडली असती. ती मला तशी बसू देती का? तुमचं बोट सडू देती का?"

काकूनं तिची हनुवटी वर केली आणि विचारलं, "आते बी घेस का?"

"तेरा दिवस झाले. नाही घेतलं."

"सकाय घेशी का?"

उद्याचं विचारत होती काकू. मोनालीनं नाक पुसलं. "उद्याचं मला सांगता येत नाही, आजी. खोटं कशाला बोलू? आज नाही घेणार."

मी इतकी माणसं पाहिली, देवाशपथ सोडली म्हणणारी, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सोडली म्हणणारी. 'उद्याचं सांगता येत नाही' म्हणणारं पहिलं माणूस त्या दिवशी पाहिलं.

काकूनं खाटेखाली पाय सोडले. भाऊबंदांकडे बघून करवादली, "रिक्षा बलावा. काय बघतस बठ्ठा? ही पोर बापले न घाबरता खरं बोलनी, आनि मी सुईले घाबरू?" मग मोनालीचा खांदा धरून उभी राहिली, आणि दवाखान्याच्या दारापर्यंत तो खांदा सोडला नाही.

दोन बोटं गेली. पाय वाचला. अजून आठ दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं, मी इथं सांगत नाही.

ज्ञानेश्वर दिवाळीपर्यंत लेकीशी बोलला नाही. मोनाली माझ्याकडेच राहिली, इथल्याच कॉलेजात नाव घातलं, गोळ्या, समुपदेशन चालू. योगेंद्र सरांनी आईबापालाही बोलावलं. सुलक्षणा दर आठवड्याला यायची, हा मात्र कामाचं निमित्त सांगायचा. दिवाळीला पोरीला घरी पाठवताना माझा जीव खालीवर होत होता. भाऊबंदांचे टोमणे, बापाचा अबोला, आणि कोपऱ्यावर औषधाचं दुकान.

पाडव्याच्या सकाळी ज्ञानेश्वरचा फोन आला.

"अक्का, मोनानं काल घेतलं."

मी तिथंच गव्हाच्या पोत्यावर बसले. ऐंशी दिवस! तोंडात चार शिव्या आल्या, कुणाला द्यायच्या ते कळेना.

"कुणी पकडलं?" मी विचारलं.

"कुणी नाही." तो म्हणाला. "कुणाला कळलंही नव्हतं, अक्का. सकाळी चहा घेऊन आली, समोर बसली, आणि म्हणाली, पप्पा, काल माझ्याकडून चूक झाली, मला दवाखान्यात घेऊन चला. मला सांगितलं तिनं. मला! ज्यानं तिला दारात अडवलं त्याला."

तो हुंदके देऊन रडत होता. मला विचारायचं होतं, की बाबा, घेतलं म्हणून रडतोस की सांगितलं म्हणून. पण मागं मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला, आणि सुलक्षणा ओरडत होती, "अहो, फोन ठेवा, पोरगी दवाखान्यात जायला थांबलीय."