तीर्थ घातलेली गाडी

अमावस्येच्या सकाळी तवंदी घाटाच्या पायथ्याला, हायवेला लागून असलेल्या माळावर गाड्यांची ही मोठी रांग लागली होती. माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपा, टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर, इतकंच काय, पेशंट नेणारी एक व्हॅनसुद्धा. प्रत्येकीच्या नाकावर ताजी लिंबं. एरवी आमच्या सीमाभागात पाटी मराठी की कानडी यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. इथं मात्र दोन्हीकडचे ड्रायव्हर खांद्याला खांदा लावून उभे होते. गंडवून घ्यायला कुठलीच भाषा आड येत नाही.

रांगेच्या तोंडाशी गतिनाथ महाराज. गळ्यात बेअरिंगच्या गोळ्यांची माळ. मागं त्यांची स्वतःची मोटार, नुकतीच मोरपंखी रंगवलेली आणि बॉनेटवर सोनेरी चक्र काढलेली. गाडी पुढं आली की शिष्य तिच्याखाली पांढरं कापड अंथरायचे. जुन्या गाडीच्या पॉवर स्टेअरिंगमधून तेल गळत असतंच, आणि ते तेल बहुधा लालच असतं. कापडावर लाल ठिपका पडला की महाराज डोळे मिटायचे.

"हे तेल नव्हे, बाळा. तुझ्या गाडीचं रक्त आहे. हिच्याखाली कुणीतरी चिरडलंय. तो आत्मा हिची नस फोडून बसलाय."

ड्रायव्हरचा चेहरा पडला की महाराज स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीत तीर्थ ओतायचे आणि वर एक बाटली घरी न्यायला द्यायचे. नियम दोनच: तीन अमावस्या मेस्त्रीचा हात लागू द्यायचा नाही, आणि तोवर अभक्ष्य खायचं नाही. आठ दिवसांनी खाली अंथरलेलं कापड कोरंच्या कोरं निघायचं. अशी कोरी कापडं माळावरच्या कुंपणाला ओळीनं बांधली होती. पुढं कुणाची गाडी पुन्हा गळलीच, तर ड्रायव्हरनं चोरून अंडं खाल्लं हे आपोआप सिद्ध व्हायचं. म्हणजे महाराज कधी चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या रांगेच्या कडेला मी उभा होतो, आणि माझ्याबरोबर हायस्कूलच्या विज्ञानाच्या पूर्णिमा बाई. मी हरिभाऊ, निपाणीत एकतीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग विकतो. आम्ही लिंबं घेऊन आलो नव्हतो. आम्ही मष्णूसाठी आलो होतो.

मष्णूची जीप वीस वर्षांची. वरच्या तवंदीतून अकरा पोरींना तो रोज घाट उतरून निपाणीच्या हायस्कुलात आणतो. पुढच्या सीटवर पूर्णिमा बाई असतात, त्याही तवंदीच्याच. मागच्या अमावस्येच्या आधी त्याचं स्टेअरिंग गळायला लागलं, म्हणून मी त्याच्यासाठी गळती अडवणाऱ्या रबरी सीलचा किट काढून ठेवला होता. तो किट न्यायला आलाच नाही. आला तो कापड दाखवायला.

"बगा आण्णा, एक थेंब न्हाय. मागचं शॉकअप बी गळत व्हतं. म्हाराजांनी नुसता अंगारा लावला, सुकलं."

कापड खरंच कोरं होतं. मी हसलो, पण मनातून वैतागलो, कारण मला उत्तर येत नव्हतं. एकतीस वर्षांच्या धंद्याचा इतका अपमान कुठल्या गिऱ्हाइकानं केला नव्हता.

दोनच दिवसांनी पूर्णिमा बाई दुकानात आल्या. वळणावर स्टेअरिंग घरघरतं, मष्णूला दोन्ही हातांनी ओढावं लागतं, आणि विचारलं की तो म्हणतो तीर्थ काम करतंय, असं त्यांनी सांगितलं. त्याच्याकडून मागून घेतलेली तीर्थाची बाटली त्यांनी काउंटरवर ठेवली आणि मला वास घ्यायला सांगितलं.

वरून कापूर होता. खालचा वास मला झोपेतही ओळखता आला असता. ते ब्रेक ऑइल होतं.

माझे कान तापले. महाराजांचे पट्टशिष्य मारुतीराव दर पंधरा दिवसांनी माझ्याच दुकानातून ब्रेक ऑइलचे दोन खोके नेत. ज्याच्याकडे साधी मोपेड नाही त्याला एवढं ब्रेक ऑइल कशाला, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक चांगलं होतं, मी गप्प बसलो. जगाला अडाणी म्हणणारा मी, आणि महाराजांचं तीर्थ माझ्याच फळीवरून जात होतं.

बाईंनी माझ्याकडून एकसारखी दोन सील घेतली. एक स्टेअरिंगच्या तेलात बुडवलं, दुसरं तीर्थात. दोन्ही बाटल्या घराच्या पत्र्यावर उन्हात ठेवल्या. आठवड्यात तीर्थातलं सील टम्म फुगलं. अडीच आठवड्यांनी चिमटीत धरलं तर भिजल्या भाकरीसारखं सुटून आलं. तेलातलं होतं तसंच राहिलं. मग त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. स्टेअरिंगचं रबर एका प्रकारच्या तेलात राहायला केलेलं असतं, ब्रेकचं रबर दुसऱ्या. स्टेअरिंगच्या रबराला ब्रेक ऑइल लागलं की ते आधी फुगतं, फट बुजते, गळती थांबते. हाच चमत्कार. मग ते कुजतं, आणि सगळं तेल एकदम जातं. शॉकअपच्या बाबतीत तर चमत्कारसुद्धा नव्हता. आतलं तेल संपलं, म्हणून गळायचं थांबलं.

शनिवारी संध्याकाळी ही दोन्ही सील आम्ही मष्णूला दाखवली. त्यानं हात जोडले. "बाई, तुमच्या रबराला श्रद्धा न्हवती." रबराच्या श्रद्धेपुढं विज्ञान काय करणार! पोरींच्या पालकांकडे गेलो तर निम्मे म्हणाले, तीर्थ घातलेली गाडी आहे म्हणूनच निर्धास्त पाठवतो. सोमवारी सकाळी अकरा पोरी पुन्हा त्याच जीपमध्ये बसणार होत्या. म्हणून रविवारी, अमावस्येला, आम्ही माळावर गेलो. मष्णूही आला होता, आपली जीप दुसऱ्या तीर्थासाठी घेऊन.

बाई सरळ महाराजांसमोर गेल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, सगळ्यांच्या गाड्यांना तीर्थ देता, तर थोडं आपल्या मोटारीवरही शिंपडा. महाराज हसले. आमच्या वाहनाला बाधा नाही, म्हणाले. बाई म्हणाल्या, बाधा नसू दे, बॉनेटवर प्रसाद म्हणून चार थेंब. महाराजांचं हसू मावळलं. तीर्थ खेळायची वस्तू नाही, स्त्रियांनी मर्यादा पाळावी, वगैरे सुरू झालं. मारुतीराव बाईंना बाजूला सारायला पुढं सरसावले.

आणि मष्णूला राग आला. आमचा. आपल्या महाराजांची परीक्षा घेते ही बाई! त्यानं नुकतीच मिळालेली नवी बाटली खिशातून काढली, जय गतिनाथ म्हणाला आणि सगळं तीर्थ त्या तापलेल्या मोरपंखी बॉनेटवर ओतून मोकळा झाला.

महाराज आसनावरून उडालेच. "आरं पुस! पाणी वत आधी, रंग जातोय त्येनं!"

हिमालयातून आल्याचा आव आणणारी भाषा गेली, गॅरेजातली तोंडात आली. बाईंनी शांतपणे विचारलं, "तीर्थानं रंग जातो, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

महाराजांनी पाण्यासाठी शिष्यांना पुन्हा हाक मारली. पाणी आलं नाही, कारण रांगेतल्या ड्रायव्हरांनी शिष्यांची वाट अडवली होती. ब्रेक ऑइल रंगही खातं. दहा-पंधरा मिनिटांत सोनेरी चक्राला सुरकुत्या पडल्या आणि रंगाचे पापुद्रे उठले. मग बाईंनी दोन्ही सील हातोहात फिरवली. लोकांनी ती दाबून पाहिली, आणि एकेक बॉनेट उघडायला लागलं. महाराज म्हणत राहिले की बाईची नजर लागली. एवढं सगळं पाहूनही नऊ गाड्या तीर्थाच्या रांगेतून हलल्या नाहीत. मी मोजल्या.

मष्णूची जीप दोरीनं ओढून माझ्या दुकानापुढं आणली. मेस्त्रीनं स्टेअरिंग खोललं तेव्हा सील आख्खं निघालंच नाही, तुकडे निघाले. घाटात उद्या सुटलं असतं की परवा, एवढंच सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मष्णूनं ते तुकडे कागदात बांधले आणि संध्याकाळी अकराच्या अकरा घरी गेला. गाडी चार दिवस बंद, असं स्वतः सांगितलं. एका घरी बाप त्याच्यावरच खेकसला, की देवाच्या माणसावर संशय घेतोस, तुझं भलं होणार नाही.

मष्णूनं कागद उघडून त्याच्या तळहातावर रिकामा केला. "दादा, तुमची पोरगी रोज ह्याच्या जिवावर घाट उतरत व्हती. दाबून बगा."

मी मारुतीरावांना माल देणं बंद केलं. ते दुसरीकडून घेतात, आणि अमावस्या दर महिन्याला येते. म्हणून हात जोडून नाही, बजावून सांगतो: कुणी तुमचं दुखणं थांबवलं म्हणाला, तर ते कशानं थांबलं हे आधी विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्या हाती आपली पोरं देऊ नका.