मधल्या ठाण्याचा बोल्ट

देवळालीत कृपादान फिटर म्हणजे मीच. ट्रॅक्टरचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखतो, अशी माझी ख्याती. तिची मला लई मस्ती होती, हे आता कबूल करतो.

माझी लेक आराधना आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आली, तर गाव हसलं. पोरीच्या हाती इंजिन द्यायला कोणी धजेना. गावातल्या गहिनीनाथचा ट्रॅक्टर दुरुस्तीला आला तेव्हा मीच त्याला गळ घातली, की इंजिनाचं हेड आराधना बसवील, मी शेजारी उभा राहतो. एवढं एक काम धड झालं असतं, तर तिच्या हाताला गिऱ्हाईक लागलं असतं.

पोरीनं काम चोख केलं. शेवटी हेडवर रॉकर शाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांची दांडी, बसवताना तिच्या मधल्या ठाण्याच्या, म्हणजे टेकूच्या, बोल्टचे आटे गेलेले निघाले. मी जुन्या बोल्टांच्या डब्यात हात घातला, बोटाच्या पेरावर लांबी मापली, आटे जुळवले अन् एक काढून दिला. ती घेईना. म्हणाली, पप्पा, मधल्या बोल्टची कंबर बारीक लागते, तिच्या भोवतीनं ऑईल वर चढतं. हा जाड आहे, भोक बुजवील. उद्या नगरहून बरोबरचा आणते.

गहिनीनाथचा तोडलेला ऊस फडात वाळत होता. तो वैतागून हसला. "काय फिटर, आता पोरगी शिकवती व्हय तुमाला?"

झालं, माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं काय गवत उपटलं का मी, असं तिला त्याच्यासमोर बोललो, पाना हिसकावला अन् तोच बोल्ट आवळला. झाकण लावायच्या आधी इंजिन चालवून वर ऑईल येतंय का बघू, एवढं तरी ऐका, म्हणाली. मी झाकण लावलं.

चौथ्या दिवशी ट्रॅक्टर ओढत आणला. झाकण काढलं तर आत कोरडं ठणठणीत. रॉकर शाफ्टला चिकटलेले, त्यांना खालून ढकलणारे दोन पुशरॉड वाकलेले. चार माणसं जमली. गहिनीनाथनं आराधनाकडे बोट केलं. "पोरीच्या हातचं काम. दुसरं काय हुनार?"

बोल्ट कोणी आवळला ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. तरी बोलला, नालायक. पण त्याला कशाला शिव्या देऊ? सगळे माझ्याकडे बघत होते. आराधनाही बघत होती. अन् माझ्या तोंडून निघालं, "शिकतीय अजून."

दुसऱ्या दिवशी तिनं नगरला जाऊन नवे रॉकर-पुशरॉड अन् बरोबरचा बोल्ट आणला, सगळं बसवलं, इंजिन चालवून वर ऑईल आलेलं बघितलं अन् मगच झाकण लावलं. गहिनीनाथ माझी पाठ थोपटून म्हणाला, शेवटी जुना हात तो जुनाच. तेव्हाही मी गप्प. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

महिन्याभरात तिनं पुण्याकडच्या कंपनीत नोकरी धरली. निघताना मी म्हणालो, राहा बाई, उद्या चौकात उभा राहून सगळ्यांना खरं सांगतो.

"त्या दिवशी सांगायचं होतं, पप्पा."

बॅग उचलायला पुढं झालो, तर तिनं उचलू दिली नाही.