चंदेरी शाईखालची आई

मी मासिकाचा एक जुना अंक आहे. मंडालेत ऊ फो चो यांच्या दुकानातून भाड्याने जातो. पाठीला तीनदा खळ लावून झाली, मलपृष्ठ कधीच गळाले. तरी मला मागणी आहे, कारण माझे एकोणपन्नासावे पान चंदेरी आहे.

मित्रांनो, ती शोभा नव्हे. यिन मोन थ्वे या बावीस वर्षांच्या मुलीची पहिली कथा त्या पानावर संपत होती. आई मोर्चा बघायला गेली आणि परत आली नाही, एवढीच गोष्ट. मी छापून झाल्यावर सरकारी तपासणी कचेरीतल्या साहेबांना ती खटकली. मग माझ्या प्रतीप्रतीत तो शेवट चंदेरी शाईने झाकला गेला. घाबरून मुलीने हस्तलिखित चुलीत घातले.

झाकल्यामुळे वाचक वाढले. जो नेई, तो मला उन्हात धरी. एका शहाण्या पोराने पेट्रोलने पानाचा कोपरा घासला. तिथल्या शाईबरोबर तिच्याखालच्या दोन ओळीही गेल्या; बाकीचे पान तेवढे वाचले.

पुढे यिन मोन थ्वे मोठी लेखिका झाली. तिची अकराही पुस्तके माझ्याच फळीवर आहेत. प्रत्येकात एक आई दाराबाहेर पडताना काहीतरी बोलते. अकरा आया, अकरा वाक्ये. लोक म्हणत, काय ही प्रतिभा! पण दिवे लागले की खरी आई माझ्या पोटात बोलू लागे, आणि मला ते कुणाला सांगता येत नसे.

परवा लेखिका स्वतः आली. केस पिकलेले, गालांवर थनखा झाडाच्या सालीचा लेप मात्र नीटनेटका. आई जाताना काय म्हणाली ते आपण विसरलो, असे तिने हळूच कबूल केले आणि पेट्रोल मागितले.

"बाई, अकरा पुस्तकं लिहिलीत आणि अक्कल त्या पोराचीच?" ऊ फो चो म्हणाले. "उन्हात चला."

तिने माझे पान उन्हात धरले. अक्षरे वर आली.

"आमटीत मीठ घालू नकोस," तिने वाचले. "मी आले की घालीन."

मग तिने मला अलगद मिटले. अंक घरी न्या, असे ऊ फो चो यांनी सुचवले.

"राहू दे," ती म्हणाली. "आमचं घर बदललंय. आई आली तर इथंच येईल."

मित्रांनो, झाकलेली अक्षरे घासू नका, उजेडात धरा. आणि मला सावकाश उघडा. आत एक बाई अजून दारातच उभी आहे.