पेंढ्याचा बांध

गुणाबाईचं त्या दुपारी जेवणात लक्ष नव्हतं. भात कालवला, तसाच ठेवला आणि ती पुन्हा पडवीत येऊन उभी राहिली. पडवीतून खदाणीचा बांध दिसायचा. भादवा लागत आला तरी पाऊस हटेना, आणि बांधाआडचं राखाडी पाणी आता माथ्याला टेकायला आलं होतं. खालची मोरी गाळाने बुजल्याला चार दिवस झाले होते.

खदाण तिच्या मालकीची. नवरा गेल्यावर डोंगरालगतची जमीन विकून टाक, असं सांगणारे गावात पैशाला पासरी निघाले. तिने विकली नाही, खडी फोडायला घेतली. पावसात खडीची भुकटी वाहून लोकांच्या भातात बसायची आणि लोक दारात येऊन तोंड वाजवायचे. मग गाळ अडवायला तिने बांध घातला. गाळ तळाशी बसावा, निवळलेलं पाणी मोरीतून ओढ्याला जावं.

तिचा मुलगा तुळशीराम तेव्हाच म्हणाला होता, मुरूम थराथराने टाकून रोलरने दाबू आणि जादा पाण्याला उजव्या अंगाला कातळातून सांडवा काढू.

"सांडव्याचं पानी जाईल कुठं?"

"आपल्या मोठ्या शेतात. दुसरीकडे उतार नाही, आई."

"मग तुझ्या सासऱ्याच्या शेताकडं उतार कर नि काढ सांडवा."

विषय तिथे मिटला. बांधही तिने आपल्याच रीतीने घालून घेतला. तिच्या सासऱ्याने खाडीकाठचं, भरतीत बुडणारं खाजण अडवून भात पिकवलं होतं. चिखलाचा थर, त्यावर पेंढा, पुन्हा चिखल. तो बांध भरतीचे तडाखे खाऊन अजून उभा होता. तसाच हा, फक्त चिखलाच्या जागी डोंगराचा तांबडा मुरूम. "आमी खाडी अडवली," ती सांगत सुटायची, "डबकं अडवायला रोलर कशाला?"

आज मात्र तिला बसवत नव्हतं. तेवढ्यात अंगणात गोदू आली.

गोदू म्हणजे धाकटी जाऊ. वाटण्या झाल्यापासून बांधाखाली घर करून राहिलेली, आणि तेव्हापासून गुणाबाईच्या ओट्यावर पाय न ठेवलेली. आजही ती पावसातच उभी राहिली. डोक्यावर इरलं, हातात तांब्या.

"बाय, तुझ्या बांधाचं पानी माझ्या परसात येतंय."

"पाऊस हाय. सगल्यांच्याच परसात येतंय."

"पावसाचं न्हाय. पायथ्याला भोक पडलंय, तिथनं येतंय."

"बांध म्हटला की पाझरणारच. सासऱ्यांचा बी पाझरायचा. तू नवी नवरी व्हतीस, तुला मिरवण्यातून कधी सवड."

"त्याचं पानी निवळ यायचं. हे बघ नि मग बोल."

गुणाबाईने नाइलाजाने तांब्यात पाहिलं. पाणी खदाणीसारखं राखाडी असतं तरी तिने गोदूला चार शब्द सुनावून परत पाठवलं असतं. ते तांबडं होतं. बांधाचा मुरूमच धुपून येत होता.

ती अनवाणीच निघाली. पायथ्याशी भोकात हात घातला तर तो कोपरापर्यंत आत गेला आणि कशाला लागला नाही. बाहेर काढला तेव्हा मुठीत काळी, कुजकी कुसकटं. खाजणातला चिखल कधी सुकत नाही, खाऱ्या पाण्यात पेंढा लोणच्यासारखा टिकतो. इथे उन्हाळाभर मुरूम तापला, आतला पेंढा भुगा झाला आणि प्रत्येक थरात पाण्याला आयती वाट मोकळी राहिली. कुणी समजावून सांगायची तिला गरज पडली नाही.

खदाणीचा मुकादम लडकू माणसं घेऊन धावत आला. "बाय, माती ठोकून भोक बुजवतो."

"आत पोखरतंय नि तू भायेर लेप लाव. सांडवा काढा. कातळातनं."

लडकूमागून आलेला तुळशीराम पुढे झाला. "आई, मोठं शेत पोटरीला आलंय, आता लोंब्या निघतील."

"मला डोले न्हाईत काय?"

"एक सुरुंग लावला तर लवकर होईल," लडकू म्हणाला.

"सुरुंगानं बांधच बसंल खाली. पहारी घ्या."

मग ती गोदूकडे वळली. "पोराबालांना घेऊन वर ये."

"कुठं वर?"

"कलेक्टरच्या बंगल्यात. कुठं म्हंजे? माझ्या घरात."

"असं बोलावशील तर न्हाय येनार. हितंच बसंन."

बांधातून एक ढेकूळ सुटून गोदूच्या परसात पडलं. गुणाबाईने ते पाहिलं, गोदूने पाहूनही पाहिलं नाही. जन्मात कुणाचं आर्जव न केलेल्या गुणाबाईने घसा साफ केला.

"चल, गोदू. माझ्या घरात चल गं."

गोदू पोरांना घेऊन वर गेली. पहारी कातळावर वाजत राहिल्या. दिवस कलताना पहिली धार फुटली, मग लोंढा झाला आणि मोठ्या शेतात शिरला. भरल्या पोटरीचं भात आडवं होऊन राखाडी गाळाखाली जाताना गुणाबाई बांधावरच उभी होती. मधेच ती खाली उतरायची, भोकातलं पाणी ओंजळीत घेऊन बघायची, पुन्हा वर चढायची. आतलं पाणी वीतभर उतरलं, मग हातभर. खालची धार बारीक होत गेली. शेवटी बांधाचा मधला भाग मऊ भाकरीसारखा खचला आणि तिथेच थांबला. मागचं पाणी तोवर खचलेल्या जागेच्या खाली गेलं होतं.

"बांध वाचला, आई."

"घर वाचलं गोदूचं. बांध पाऊस सरला की उपसून काढ, सगला."

"मग रोलर—"

"विचारतोस काय? आन."

ती घरी आली तेव्हा गोदू तिच्या चुलीपुढे बसली होती. "काय गं हे घर तुझं," गोदू म्हणाली, "मीठ एकीकडं, मिरची एकीकडं. मानसानं रांधायचं कसं?"

गुणाबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते गिळून तिने मिठाचं मडकं तिच्यापुढे सरकवलं आणि पाणी किती उतरलं ते बघायला पुन्हा बाहेर गेली.