लोबानाची काजळी

मी एक जुना पंखा आहे, मित्रांनो. पण मान वर करून छताकडे पाहू नका. मी तळहाताएवढा, सात पात्यांचा, आणि सध्या सलाला शहरातल्या एका खिडकीत पडून आहे. माझी गोष्ट अभिमानाने सांगावी अशी नाही. तरी सांगतो, कारण माझ्यामुळे दोन जिवलग शेजारणींमध्ये आठ महिने अबोला राहिला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवते ते नुवारचे घर. तिची मुलगी तुफूल कॉलेजात गेली तेव्हा नुवारने संगणक घेतला. त्याच्या पेटीत प्रोसेसर नावाचा चौकोनी मेंदू होता. तो विचार करकरून तापायचा. त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पट्ट्या होत्या, त्यांच्यात त्याची धग चढायची, आणि त्या पट्ट्यांमधून वारा खेळवायचा एवढेच माझे काम. काम छोटे, पण मी अडलो की सगळेच अडणार.

घरातली माणसे गालिच्यावर बसत, म्हणून पेटीही जमिनीवरच ठेवली होती. रोज दुपारी शेजारची गालिया चहाला यायची. नुवार बाळंतपणात आजारी पडली होती तेव्हा तुफूलला गालियानेच अंगावर पाजले होते. म्हणून ती तुफूलची दूधआई. पेटी पाहून ती म्हणाली, "अगं बाई, काय शांत आहे गं ही! आमच्या पोराचा, सालिमचा डबा तर रुसलेल्या उंटासारखा गुरगुरतो. हिचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही."

तो श्वास म्हणजे मी. शाबासकी माझी होती, आणि ती माझ्या डोक्यात गेली. पण कौतुक करताना दृष्ट लागू नये म्हणून 'माशाअल्ला' म्हणतात, ते म्हणायचे गालियाकडून राहून गेले आणि नुवारला खटकले. घरात सकाळ-संध्याकाळ लोबान जळायचाच. कपड्यांना, गाद्यांना, पाहुण्यांना धुरी मिळायची. त्या संध्याकाळपासून दृष्ट उतरावी म्हणून नुवार धूपाटणे पेटीच्या अगदी शेजारी ठेवू लागली.

तो सगळा धूर मी आत ओढला. वास गोड होता, म्हणून मला तो घाण वाटला नाही. पण त्याची चिकट काजळी पट्ट्यांवर बसली, तिच्यावर धूळ बसली, धुळीवर पुन्हा काजळी. माझी पातीही जड झाली. जोर लावला की मी घरघरू लागे. मित्रांनो, तेव्हाच मी मोठ्याने घरघरायला हवे होते. कोणीतरी झाकण उघडून पाहिले असते. पण शांतपणाची ती शाबासकी मला सोडवेना. आवाज होऊ नये म्हणून मी हळू फिरू लागलो. प्रोसेसर तापत राहिला आणि मी गप्प राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

एक दिवस तुफूल कॉलेजचा शेवटचा अहवाल लिहीत होती. प्रोसेसरने जीव वाचवायला सगळेच बंद केले. जपून न ठेवलेली बारा पाने गेली. तिने पुन्हा लिहिली, ती पुन्हा गेली.

"दृष्ट लागली," नुवार म्हणाली.

"आई, काहीतरी बिघडलं असेल. कोणाला तरी दाखवूया ना."

"बिघडलं नाही, बिघडवलंय. म्हणे, श्वाससुद्धा ऐकू येत नाही! माशाअल्ला म्हणायला जीभ झिजते का तिची?"

"अगं, ती माझी दूधआई आहे!"

"म्हणूनच जास्त लागली."

दुसऱ्या दिवशी गालिया खजुरांची ताटली घेऊन आली, तर नुवारने दारातूनच सांगितले, "आज वेळ नाही." पुढच्या दिवशीही नव्हता. मग गालिया यायचीच थांबली. चहाच्या त्या वेळेला आता नुवार तिसऱ्यांदा लोबान जाळू लागली. मी जितका गुदमरे तितका संगणक बंद पडे, आणि तो बंद पडला की गालियाच्या नावाने धूर वाढे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. चोर पेटीत बसून हळूहळू फिरत होता.

तुफूलने अहवाल मैत्रिणीच्या घरी बसून पुरा केला. पण दूधआईचे रिकामे आसन तिला बघवेना. शेवटी आईचे न ऐकता तिने बाजारातल्या मुसल्लम नावाच्या कारागिराला बोलावले. त्याने झाकण काढले आणि खोली लोबानाच्या वासाने भरली. पट्ट्यांमधून त्याने बोटभर जाड काळा थर उचकटला.

"काकी, हा संगणक आहे की धूपाटणं?"

"दृष्ट लागली होती म्हणून..."

"दृष्ट कसली! याचं नाकच बुजलंय. धुरीनं याचा ताप उतरत नाही, चढतो. आणि हा पंखा बिचारा किती दिवस कण्हत असेल. तुम्हाला ऐकू नाही आला?"

"नाही," नुवार खाली बघत म्हणाली.

ती खरे बोलत होती. मी कण्हलोच नव्हतो. त्या 'बिचारा' शब्दाने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

माझ्या जागी नवा पंखा बसला. नुवारने मला ओढणीच्या टोकात गुंडाळले आणि तशीच गालियाच्या दारी गेली.

"सालिमची आई, ही घे दृष्ट. तुझी नव्हे गं, माझ्याच धूपाटण्याची."

गालियाने मला नाकाशी नेले. "लोबान तर उंची दिसतोय. माझ्या नावानं एवढा चांगला जाळलास?"

"शरमेनं मेले मी. आत येऊ?"

"आठ महिने तुझ्या दारावरून मान खाली घालून गेले, तुफूलची आई. माझ्या दुधावर वाढलेल्या पोरीला मी दृष्ट लावीन?" तिने बोटाने माझ्या पात्यावरची काजळी पुसली. मग गालिया बाजूला झाली. "ये. चहा उकळतोय."

मित्रांनो, तुमच्या घरी संगणक असेल तर त्याची पेटी धुरापासून दूर ठेवा आणि वर्षातून दोनदा तरी जाणत्या माणसाकडून ती साफ करून घ्या. घरात काही बिघडले तर शेजारणीचे नाव घेण्याआधी झाकण उघडून पाहा. आणि तुम्हीच कधी आतून गुदमरत असाल तर घरघरा. शाबासकी गेली तरी चालेल.

गालियाने मला खिडकीत ठेवले आहे. दुपारी नुवार आली की ती माझ्याकडे बोट दाखवते आणि म्हणते, "माशाअल्ला, काय शांत आहे!" दोघी हसतात. तेवढ्यात वारा आला तर माझी पाती फिरतात, आणि मी असेल नसेल तेवढा जोर लावून घरघरतो. आता त्याचा कोणाला काही उपयोग नाही.