मृगाखालचं वावर

सुचितानं खिडकीवर चादर टांगली आणि लॅपटॉपवर पहिला फोटो उघडला. बाहेर उंद्री गावात दुपारचं ऊन होतं; पडद्यावर वर्षापूर्वीची रात्र. मागे खाटेवर तिचे वडील, उत्तमराव, अधू उजवा पाय लांब करून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. शेंगांचा आवाज थांबला की ते पडद्याकडे पाहताहेत, हे तिला मान न वळवता कळत होतं.

फोन स्पीकरवर होता. पलीकडे शाळेतले ज्ञानेश्वर सर.

"परवा विज्ञान दिन हाय, सुचिता. प्रेमानंदचा तो अडीचशे फोटोंचा फोटो मोठा करून लावू."

"दोनशे चाळीस, सर."

"तुयं मिलिमीटरचं मोजमाप काई सुटत नाई. चिखलीच्या फ्लेक्सवाल्याले सांजेपर्यंत फाइल पाह्यजे. आन खाली वावर दिसलं पाह्यजे बरं. निसते तारे लावले तं पोट्टे म्हणतात, इंटरनेटवरून उतरवले. मागच्या साली शनीचं कडं पाहून एक म्हणे, ही तं सरच्या बायकोची पाटली."

ती हसली. फोन ठेवताच उत्तमराव म्हणाले,

"वावर नको घेऊ त्यात."

"काऊन, बाबा?"

"लोकं इहीर पाह्यतीन. तारे कोनी पाह्यनार नाई."

तिला ते पटलं. मागच्या वर्षीच्या पौष अमावस्येला, हेच फोटो निघत असताना, तिचा दादा प्रेमानंद विहिरीत पडला होता. कॅमेरा बांधावर स्टँडवर ठेवलेला, आपोआप फोटो घेत राहिलेला. शेताची लाइन रात्री आली तसा तो पंपात पाणी ओतायला विहिरीच्या कठड्याशी गेला आणि पाय घसरला. सकाळी सापडला. पोलीस पाटलाला, पाहुण्यांना, सुचिताच्या मायला, सगळ्यांना उत्तमराव एकच सांगत आले होते: मी रातच्या नवालेच झोपलो होतो. त्या दिवसापासून कॅमेऱ्यातलं कार्ड देव्हाऱ्याच्या फळीवर पडून होतं. ते आज पहिल्यांदा लॅपटॉपला लागलं होतं.

"एवढे काऊन काढले त्यानं? एक पुरत नव्हता?"

"एकात तारे फिके येतात, बाबा. सगळे एकमेकांवर रचले का मृगातला तेजोमेघबी उठून दिसते. जे सगळ्यात हाय ते राह्यते. चार-दोनात आलं, इमान म्हना का काजवा म्हना, ते पुसून जाते."

"पुसून जाते?"

"हाव. शोधलं तरी सापडत नाई."

पण रचण्याआधी एकेक फोटो तपासावा लागतो, एखादा वाऱ्यानं हललेला असतो. ती पुढे सरकवत गेली. मृग, त्याच्या पोटातलं तीन ताऱ्यांचं तिकांडं, खाली डावीकडे व्याध. तळाशी वावराची काळी कड आणि कठडा. प्रत्येक फोटोत तारे केसभर पश्चिमेला.

शहाण्णवाव्या फोटोत बांधावरून एक पांढरा धागा निघाला. दादाच्या कपाळावरची बॅटरी. वीस सेकंद कॅमेऱ्याचा डोळा उघडा असला की चालणारा माणूस उमटत नाही, त्याच्याजवळचा उजेड तेवढा रेघ ओढत जातो. पुढचे आठ फोटो कठड्याशी पांढरा ठिपका. एकशे पाचव्यात काहीच नाही.

सुचितानं एकशे चौथा पुन्हा उघडला, मग पुन्हा एकशे पाचवा. मग ती पुढे सरकली. तपासणी अर्धी टाकायची नसते.

एकशे एकतिसाव्यात घराच्या बाजूनं दुसरा धागा आला. पिवळा, नागमोडी. एक लाट उथळ, एक खोल. एक उथळ, एक खोल. उजवा पाय आखूड टाकणाऱ्या माणसाच्या हातात टॉर्च असला तर तो असाच खालीवर होणार. बांधाच्या वळणावर, कठड्यापासून वीसेक पावलांवर धागा थांबला आणि ठिपका झाला. तिनं मोजलं. अकरा फोटो. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मग तोच धागा, तशाच लाटा घेऊन, घराकडे परतला.

दाराजवळच्या खिळ्याला पिवळ्या काचेचा टॉर्च लटकत होता. त्यावर वर्षाची धूळ होती.

शेंगांचा आवाज केव्हाच थांबला होता.

"मले वाटलं, रुसला हाय," मागून उत्तमराव म्हणाले. आवाज रोजचाच होता. "सांजच्याले बोललो होतो त्याले. ताऱ्यानं पोट भरते काय म्हणून. पाटात पानी आलं नाई, म्हणून गेलतो. दोनदा हाक मारली. कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसला. म्हटलं, बसला असन अंधारात. बोलत नाई तं नको बोलू."

मागे एक शेंग फुटली.

"पान्याचा आवाज आला होता थोडासा. म्हटलं, बेडूक असन."

बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. खिडकीवरची चादर हलली आणि पडद्यावर उन्हाची पट्टी पडून गेली.

"किती वेळ उभा होतो मी?"

पडद्याच्या कोपऱ्यात फोटोचा क्रमांक स्पष्ट दिसत होता. उत्तमरावांना अक्षरं लावता येत नव्हती; आकडे येत होते. सुचितानं सगळे फोटो निवडले. क्रमांक गेला.

"एकच फोटो हाय, बाबा. वीस सेकंद."

"वीसच?"

"वीसच."

"मले लय वेळ वाटला होता," ते म्हणाले.

तिनं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं भरू लागली. खाटेच्या दोऱ्या करकरल्या. उत्तमराव उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांच्या हातांना शेंगांच्या मातीचा वास होता.

मृग वर आला. तिकांड्याखाली गुलाबी धुकं उमललं, एकेकट्या फोटोत कधीच न दिसलेलं. आणि तळाशी वावर, बांध, कठडा, सगळं स्वच्छ.

"राहू दे वावर," उत्तमराव म्हणाले.

त्यांचं बोट पडद्यावर बांधाच्या वळणापाशी टेकलं, मग हळूहळू कठड्यापर्यंत सरकत गेलं. पिवळा धागा गेला होता. पांढराही.